सातेरीचा थवा पेटीत टिकत नाही? नागपूरच्या हवेत कारण कसे शोधावे, काय करावे

सातेरी या देशी मधमाशीचा थवा पेटीत घातला, रात्रभर शांत होता, सकाळी दारात ये-जाही दिसली आणि अकरा-बाराच्या सुमारास पेटी रिकामी. किंवा चार-पाच दिवस सगळे बरे चालले, चौकटीला पांढरेशुभ्र पोळे लागले, साखरपाक संपला आणि एका दुपारी सगळ्या उडून गेल्या. थंडी ओसरायला लागली की नागपूरकडे थवे सुटू लागतात आणि ही तक्रारही तेव्हाच सगळ्यात जास्त येते. "ही माशीच पळपुटी" म्हणून अनेक जण नाद सोडतात. सातेरी मेलिफेरापेक्षा (बाहेरून आणलेली पाळीव मधमाशी) फार लवकर पेटी सोडते हे खरे, पण ती उगाच सोडत नाही. कारण जवळजवळ नेहमी सापडते आणि ती कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी गेली यावरून त्याचा माग लागतो.

एक गोष्ट आधीच पक्की करू. थवा पेटीत शिरला म्हणजे बसला असे नाही आणि पोळे बांधायला घेतले म्हणजेही बसला असे नाही. ज्या दिवशी पोळ्यात उघड्या अळ्या दिसतील आणि दाई माश्या घरांत डोकी घालून त्यांना भरवताना दिसतील, त्या दिवशी थवा तुमचा झाला. राणीला सोबत नेता येते, मध पोटात भरून नेता येतो. पिल्ले मात्र नेता येत नाहीत. म्हणून सगळी खटपट त्या अळ्या दिसेपर्यंत करायची असते.

आधी माशी कोणती ते पाहा

शहरात झाडाला किंवा बाल्कनीला लटकलेला थवा बहुतेक वेळा आग्याचा असतो. पाण्याच्या टाक्या, उंच इमारती, वडा-पिंपळाच्या फांद्या ही त्याची ठिकाणे. आग्या उघड्यावर एकच मोठे पोळे बांधतो. तो पेटीत कधीच राहणार नाही, कितीही चांगली पेटी द्या. स्थलांतर करताना तो खालच्या फांदीवर काही दिवस मुक्काम करतो आणि पुढे जातो. त्याला हात लावू नका, दगड किंवा धूर तर अजिबात नाही. फुलोरी ही अगदी लहान माशी, झुडपाच्या काडीभोवती छोटे एकच पोळे करते. तीही पेटीतली नाही.

पेटीत बसते ती सातेरी: अंधाऱ्या पोकळीत राहणारी, शेजारी शेजारी समांतर पाच-सात पोळी बांधणारी. पोळे दिसत नसेल, नुसता घड लटकलेला असेल, तर लांबीवरून ओळखा. फुलोरी सात-आठ मिलीमीटर, सातेरी दहा-अकरा, आग्या सतरा-अठरा. सातेरीच्या पोटावरचे पट्टे टोकापर्यंत सारखे असतात. थवा आग्याचा किंवा फुलोरीचा निघाला, तर पुढचे वाचायची गरज नाही.

कधी गेली त्यावरून कारण

पहिल्या चोवीस तासांत गेली तर दोष पेटीत किंवा जागेत आहे: वास, उजेड, उष्णता, मुंग्या. नाहीतर राणी आत आलीच नव्हती. राणी नसेल तर माश्या पेटीवर अस्वस्थ धावतात आणि तासा-दोन तासांत जुन्या फांदीवर परततात. राणी असून जात असतील तर सगळ्या मिळून एकदम निघतात.

दुसऱ्या ते सहाव्या दिवसात गेली तर बहुधा पोळ्यात पिल्ले नव्हती, अन्न कमी पडले किंवा राणी कुमारी (मीलन न झालेली) होती. थवा निघताना माश्या पोटात साधारण तीन दिवसांचा मध घेऊन निघतात. तो संपला आणि बाहेर फुलोरा नसेल, तर त्या थांबत नाहीत.

दोन-तीन आठवड्यांनी गेली तर ती ठरवून गेलेली असते. राणी अंडी घालणे थांबवते, असलेली पिल्ले बाहेर पडू देतात, मध खाऊन संपवतात आणि मग जातात. अशा पेटीत रिकामे, कोरडे पोळे मागे राहते. त्यामागे उपासमार, मेणपतंग (ज्याच्या अळ्या पोळे खातात), रोग किंवा मे महिन्याची आग असते.

पेटी

नवीन पेटीचा वास हे पहिल्या दिवशी पळण्याचे फार सामान्य कारण. प्लायवुडचा गोंद, ताजा ऑइलपेंट, व्हार्निश यांचा वास माणसाला जाणवेनासा झाला तरी माशीला जाणवतो. रंग फक्त बाहेरून द्या आणि महिनाभर उन्हात-वाऱ्यात ठेवा. आतून पेटलेल्या काडाच्या जाळाने हलके शेकून घ्या, मग मधमाशीचे मेण घासा. जुन्या चौकटी डांबर गोळ्यांसोबत ठेवल्या असतील तर त्या वापरण्यापूर्वी आठ-दहा दिवस उघड्यावर हवा खाऊ द्या. वास मेणात मुरतो आणि सहज जात नाही.

दुसरी गोष्ट फटींची. मेलिफेरा झाडाची राळ आणून फटी स्वतः बुजवते; सातेरी राळ गोळा करत नाही. म्हणजे सुताराने ठेवलेली फट जशीच्या तशी राहते. तिच्यातून उजेड येतो, लू येते, मेणपतंग शिरतो. रात्री पेटीत पेटता टॉर्च ठेवा, झाकण लावा आणि बाहेरून फिरून बघा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे बाहेरून शेण-माती लावा. दारही मोठे नको: आठ सेंटीमीटर रुंद आणि आठ मिलीमीटर उंच पुरते. थंडीत ते दोन सेंटीमीटरवर आणा.

बाजारात आणि ऑनलाइन मिळणारे बरेचसे सामान मेलिफेराच्या मापाचे असते. तिच्या मेणपत्र्यावरचे (घरांचा ठसा असलेला मेणाचा पत्रा) घर साधारण ५.४ मिलीमीटरचे, सातेरीचे साडेचारच्या आत. असा पत्रा दिला तर सातेरी तो कुरतडते, वेडावाकडा बांधते किंवा त्यावर नरांची घरे करते. सातेरीचा पत्रा मिळाला नाही तर चौकटीच्या वरच्या पट्टीला आतून दीड-दोन सेंटीमीटरची मेणाची पट्टी चिकटवा, पुढचे त्या करतील. चौकटींचे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ३१ मिलीमीटरच्या आसपास ठेवा. मेलिफेराच्या ३५ वर ठेवले तर मधल्या जागेत आडवी पोळी येतात आणि प्रत्येक तपासणीत ती फाटतात.

पेटी थव्याच्या मानाने मोठी असणे हाही दोषच. आठ चौकटींच्या शिशुकोठीत (पेटीतली पिल्लांची कोठी) तीन चौकटी झाकतील एवढ्याच माश्या असतील तर चार चौकटी ठेवा आणि बाजूला फळी उभी करून उरलेली जागा बंद करा. ऊब आणि वास त्यांच्या हाताशी राहिला पाहिजे.

ऊन: इथे सगळ्यात जास्त थवे जातात

पिल्लांच्या भागात माश्यांना ३३ ते ३६ अंश तापमान राखावे लागते. भरलेली वसाहत पाणी आणून, पंख हलवून ते सांभाळते. नव्या थव्याकडे तेवढे हात नसतात, आणि कोवळे पांढरे मेण चाळिशीच्या आसपासच नरमते. मार्चअखेर नागपुरात पारा चाळिशी गाठू लागतो, मे महिन्यात ४५ च्या वर जातो. टिनाच्या शेडखाली किंवा गच्चीवर ठेवलेल्या पेटीत आतले तापमान बाहेरच्याहून जास्त असते, आणि स्लॅब तर रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. गच्ची म्हणजे थवा घालवायची हमखास जागा.

थवा घालण्यापूर्वी एक सोपी चाचणी करा. रिकामी पेटी ठरवलेल्या जागी ठेवा, आत साधा थर्मामीटर ठेवा आणि दुपारी दोन ते चार वाजता वाचा. ३८ च्या वर गेला तर जागा बदला. ही चाचणी केली नाही तर बाकीची सगळी मेहनत नशिबावर राहते.

झाडाची सावली निवडताना आजची सावली पाहू नका, मार्च-एप्रिलची पाहा. जानेवारीत दाट दिसणारा कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकतो. पळस फुलतो तेव्हा बोडका असतो, सागवान तर अख्खा उन्हाळा उघडा. करंजही पालवी बदलताना काही दिवस उघडा पडतो. आंबा आणि जांभूळ या दोघांची सावली भरवशाची. घराशेजारी ठेवायची असेल तर पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत घ्या. दार पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवा; पश्चिमेकडून लू येते, तिच्या तोंडावर दार नको. पश्चिमेच्या बाजूला पऱ्हाटी-तुराट्यांचा ताटवा उभा करा.

झाकणावर धानाच्या तणसाचा वीतभर थर द्या. दुपारी ओले पोते टाकायचे असेल तर ते थेट लाकडावर नको: झाकणावर दोन आडव्या विटा ठेवून त्यांवर पोते टाका, मधून हवा खेळू द्या. अकरा, एक आणि तीन वाजता शिंपडले की पुरते. लाकूड सतत ओले राहिले तर आत बुरशी धरते.

पाणी पेटीपासून दहा-पंधरा पावलांवर सावलीत ठेवा. मातीच्या परळात गोटे किंवा वाळू घालून, म्हणजे माश्या बुडणार नाहीत. हे पहिल्याच दिवशी करा. उशीर झाला की त्या शेजाऱ्यांच्या कूलरची वाट शिकतात. मग कूलरभोवती मेलेल्या माश्या आणि शेजारी नाराज, दोन्ही निस्तरावे लागते. एकदा लागलेली पाण्याची सवय सहसा सुटत नाही.

उन्हाचा त्रास ओळखायचा कसा? दुपारी दारात पाच-सहा माश्या डोके बाहेर आणि पोट आत करून एका जागी पंख मारत असतात. सातेरी अशीच वारा आत ढकलते. एवढे चालेल. पण माश्यांचा पुंजका दाराबाहेर, तळपाटाखाली (पेटीची तळाची फळी) लटकू लागला आणि संध्याकाळी सहानंतरही आत जात नसेल, तर पेटी त्याच रात्री सावलीत हलवायला हवी. याच्याशी गोंधळ करू नका अशी दुसरी खूण: थवा घातल्या संध्याकाळी काही माश्या दाराकडे तोंड करून, पोटाचे टोक वर उचलून पंख मारतात. त्या वास सोडून मागे राहिलेल्यांना बोलावत असतात. ही फार चांगली खूण, राणी आत आहे असे समजा.

पिल्लांची चौकट: एकच उपाय करायचा तर हा

हाताशी दुसरी निरोगी सातेरी वसाहत असेल तर तिच्यातून अंडी आणि लहान अळ्या असलेली एक चौकट काढा. माश्या तिच्या पेटीतच झटकून द्या, ब्रशने हळूच उतरवा. थवा घालण्याआधी ही चौकट नव्या पेटीच्या मध्यात लावा, दोन्ही बाजूंना एकेक रिकामी. नव्या पेटीत शिरलेल्या माश्यांना लगेच काम मिळते: अळ्यांना ऊब द्यायची, भरवायचे. अशी चौकट दिलेला थवा पहिल्या दोन दिवसांत निघून जाणे फार कमी होते. शिवाय राणी मेलीच, तर तीन दिवसांच्या आतल्या अळीवर त्या नवी राणी करू शकतात.

चौकट निवडताना डोळ्यात तेल घालून पाहा. बंद घरे पूर्ण भरलेली चौकट नको, ती काही दिवसांत फुटते आणि बांधून ठेवणारे काही उरत नाही. अळ्या मोत्यासारख्या चकचकीत, घराच्या तळाशी वळून बसलेल्या हव्यात. अळी सरळ ताणलेली, डोके वर उचललेली आणि चिमट्याने ओढली की पाण्याच्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येत असेल तर तो सॅकब्रूड हा विषाणूचा रोग. त्या वसाहतीतून चौकट, पोळे, मध, काहीही घेऊ नका. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला याच विषाणूच्या थाई प्रकाराने दक्षिण भारतातल्या सातेरीचा फार मोठा नाश केला होता.

पिल्लांची चौकट कुठेच मिळाली नाही तर जुने, काळसर, स्वच्छ पोळे द्या. उजेडासमोर धरून मेणपतंगाच्या जाळ्या आहेत का ते बघा. गवती चहाचे तेल असेल तर कापसावर दोन थेंब, तळपाटाच्या कोपऱ्यात. तेलाचा वास माश्यांच्या बोलावण्याच्या वासाशी मिळताजुळता असतो. पण जास्त ओतले की उलट परिणाम होतो.

क्वीन गेट कधी लावावे, कधी नाही

क्वीन गेट म्हणजे दारावर लावायची जाळी. ते लावले की राणी बाहेर पडू शकत नाही, कामकरी पडतात. थवा पळायला निघतो, राणी मागे राहते, म्हणून घोंगावून परत येतो. बाहेरून सगळे ठीक दिसते. ते ठीक नसते. गेटमुळे तुम्हाला दोष शोधायला तीन-चार दिवस मिळतात, एवढेच. त्या दिवसांत उष्णता, मुंग्या, वास, अन्न यांतले जे चुकले ते दुरुस्त केले नाही, तर गेट काढलेल्या सकाळीच पेटी रिकामी होते.

मोठा पहिला थवा असेल, राणी जाड लांब पोटाची आणि संथ चालणारी असेल, तर ती जुनी, मीलन झालेली राणी. तिला गेट चालते. मागाहून सुटलेल्या लहान थव्यात राणी बहुधा कुमारी असते: बारीक, चपळ, पोळ्यावर धावत सुटणारी. तिला मीलनासाठी बाहेर उडावेच लागते. तिच्या पेटीला गेट लावले तर ती मीलन न होता अंडी घालू लागते, आणि त्यांतून फक्त नर निघतात. अशा थव्याला गेट नको. त्याला पिल्लांची चौकट द्या आणि दहा-पंधरा दिवस धीर धरा.

गेटच्या जाळीत नर अडकून मरतात आणि दार तुंबते. रोज संध्याकाळी काडीने साफ करा. मेलिफेराच्या मापाचे गेट सातेरीच्या लहान राणीला अडवेलच असे नाही, म्हणून सातेरीसाठी बनवलेलेच घ्या. राणीचे पंख कापायची शिफारस आम्ही करत नाही. पंख कापलेली राणी दारातून उडायला जाते, खाली पडते आणि मुंग्या तिला संपवतात.

अन्न

एक किलो साखर, एक लिटर कोमट पाणी. गंजात (पातेल्यात) पाणी गरम करून खाली उतरवा, मग साखर विरघळवा. पाक उकळू नका, करपवू नका. गूळ नको: माश्यांना हगवण लागते आणि मुंग्यांना आमंत्रण जाते. बाजारचा मधही नको, त्यातून रोग येऊ शकतो.

दिवस मावळल्यावर २०० ते २५० मिलीलिटर, पेटीच्या आत, आतल्या झाकणावर. बरणीच्या झाकणाला आठ-दहा बारीक छिद्रे पाडून उलटी ठेवा, किंवा वाटीत पाक घालून वर काड्या पसरा. सांडलेला थेंबन् थेंब पुसा. दाराशी किंवा उघड्यावर पाक ठेवला तर दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटायला येतात, आणि जवळ मेलिफेराच्या पेट्या असतील तर सातेरीचा नवा थवा त्यांच्यापुढे टिकत नाही.

किती दिवस? एक किलो मेण तयार करायला सहा ते आठ किलो मधाइतके अन्न खर्ची पडते, म्हणून तीन चौकटींवर पोळे येईपर्यंत पाक चालू ठेवा. पोळ्याच्या वरच्या भागात पाक साठून बंद होऊ लागला की थांबवा. पुढे दिला तर घरे पाकाने भरतात आणि राणीला अंडी घालायला जागा उरत नाही.

बाहेरचा फुलोरा असेल तर पाकाची गरज कमी. जानेवारी-फेब्रुवारीत काटोल, कळमेश्वर, नरखेड भागातल्या संत्र्याचा अंबिया बहार ही नव्या थव्याला मोठी संधी. फुलावर आलेला सांबार (कोथिंबीर), जवस, मोहरी, पुढे कडुनिंब आणि जांभूळ हेही चांगले. बागेत मात्र नवतीवर (नव्या पालवीवर) सायला या किडीसाठी फवारणी होते ती याच दिवसांत. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही दोन्ही माश्यांना घातक. बागाईतदाराशी आधी बोलून घ्या. दारासमोर जीभ बाहेर काढून मेलेल्या, थरथरत रांगणाऱ्या माश्या दिसल्या तर ती विषबाधा. पेटी त्याच रात्री तीन किलोमीटरपलीकडे न्या.

मुंग्या आणि बाकीचे

मुंग्यांची एक रांग रात्रीत थवा घालवते. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मे महिन्यात ते पाणी एका दिवसात आटते, म्हणून जुने इंजिन ऑइल जास्त भरवशाचे. वाट्या असूनही मुंग्या येत असतील तर पेटीला टेकलेली फांदी किंवा गवताचे पाते शोधा. आंब्याखाली पेटी असेल तर पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या वरून उतरतात. पेटीवरच्या फांद्या हातभर छाटा. गांधीलमाशी दारावर घिरट्या घालत असेल तर दार लहान करा आणि तिचे घर शोधा. पालींसाठी स्टँड भिंतीपासून दोन हात दूर ठेवा.

भिंतीतून किंवा ढोलीतून काढलेली वसाहत

महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती, विहिरीचे कोनाडे, झाडांच्या ढोल्या इथून काढलेल्या वसाहतीत पिल्लांची पोळी सोबत येतात, हा मोठा फायदा. पोळे चौकटीच्या मापाने कापा, वरची बाजू वरच ठेवा (घरे किंचित वर कललेली असतात, उलटे लावले तर पिल्ले टाकून देतात) आणि सुती दोऱ्याने किंवा केळीच्या सोपटाने चौकटीला बांधा. पोळे जोडून झाल्यावर माश्या तो दोरा स्वतः कुरतडून काढतात. मधाचे पोळे पेटीत घालू नका. ते ठिबकते, माश्या चिकटून मरतात आणि मुंग्या येतात.

जुन्या पोकळीत मेणाचा वास राहतो. ती खरवडून शेण-मातीने त्याच दिवशी बुजवली नाही तर माश्या परत तिथेच जातात. पेटी संध्याकाळपर्यंत तिथेच, जुन्या तोंडाला लागून ठेवा म्हणजे चरायला गेलेल्या आत येतील. अंधार पडल्यावर दार जाळीने बंद करून किमान तीन किलोमीटर दूर न्या. झाडावर लटकलेल्या नुसत्या थव्याला ही अट तेवढी कडक नाही, पण त्यालाही त्याच रात्री कायमच्या जागी न्यावे. दोन दिवसांनी दहा पावले सरकवली तर चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागी घिरट्या घालतात.

तपासणी कधी, काय बघायचे

पहिले तीन दिवस पेटी उघडू नका. बाहेरून बरेच कळते. तळपाटावर बारीक पांढरे पारदर्शक पापुद्रे पडले असतील तर मेण पाझरते आहे, बांधकाम चालू आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन माश्या येऊ लागल्या तर फारच छान. पेटीच्या बाजूवर बोटाने टिचकी मारा: "सूं" असा छोटा आवाज होऊन थांबला तर ठीक, विव्हळल्यासारखी गुणगुण लांबत राहिली तर राणी नसण्याची शक्यता.

चौथ्या संध्याकाळी किंवा पाचव्या सकाळी, उन्हाआधी, उघडा. वाळलेल्या गोवरीचा दोन फुंका धूर पुरे. जास्त धुराने सातेरी पेटीच सोडते. सूर्याकडे पाठ करा, चौकट किंचित कलवा आणि घराच्या तळाशी बघा. दीड मिलीमीटर लांबीचे पांढरे अंडे तळाच्या मधोमध उभे दिसेल. एका घरात एकच, असे असेल तर राणी कामाला लागली. अंडी तीन दिवसांत फुटतात, म्हणून आठव्या दिवशी अळ्या दिसल्याच पाहिजेत.

एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, म्हणजे राणी गेली आणि कामकरी माश्या अंडी घालू लागल्या. सातेरीत हे मेलिफेरापेक्षा लवकर होते. कामकरी माश्यांच्या घरांवर फुगीर टोप्या आणि टोपीच्या मधोमध टाचणीएवढे छिद्र दिसले तर ते नर वाढताहेत. राणी कुमारी राहिली किंवा नाहीच. अशा थव्याला कितीही पाक दिला तरी उपयोग नाही.

निघालाच तर

ताट-थाळ्या बडवून थवा उतरत नाही. कीटकनाशकाला कधीही न लागलेल्या पंपाने वरून पाण्याचा बारीक फवारा मारा, तो पावसासारखा वाटून माश्या लवकर आणि खाली बसतात. पहिला मुक्काम बहुधा जवळच्याच झाडावर असतो. तिथे सावली असेल तर संध्याकाळपर्यंत नजर ठेवा. दिवसा पुन्हा पुन्हा हलवू नका. टेहळ्या माश्यांना नवी जागा सापडली की घड काही मिनिटांत उठतो, म्हणून दिवे लागायच्या वेळी पकडायची तयारी आधीच करून ठेवा. कोणाला माशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर त्याला दूर ठेवा. डंखानंतर अंगभर गांधी, ओठ-घसा सुजणे किंवा श्वास लागणे सुरू झाले तर घरगुती उपाय न करता थेट दवाखान्यात न्या.

परत पकडलेला थवा त्याच जागी, त्याच अवस्थेतल्या पेटीत घालू नका. पेटी बदला किंवा जागा बदला, आणि या वेळी पिल्लांची चौकट मिळवाच.

दुसऱ्यांदाही गेला आणि आता दोन चौकटी झाकतील एवढ्याही माश्या उरल्या नसतील, तर वेगळी वसाहत करायचा हट्ट सोडून तो दुसऱ्या सातेरी पेटीत मिळवा. नव्या थव्याची राणी काढून घ्या. दिवस मावळताना जुन्या वसाहतीच्या शिशुकोठीवर वर्तमानपत्राचा एक पदर पसरा, टाचणीने पाच-सहा छिद्रे पाडा, त्यावर थव्याची कोठी ठेवून झाकण लावा. कागद कुरतडेपर्यंत दोन्हींचा वास एक होतो. तिसऱ्या दिवशी खाली कागदाचा भुगा पडलेला दिसला की वरच्या चौकटी खालच्या कोठीत उतरवा.